गरोदरपणाच्या अंतिम टप्प्यातील प्रसाविका व तज्ज्ञ डॉक्टरांची सेवा : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या विशेष संदर्भात

गोषवारा

गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने माता व बालक या दोघांच्याही दृष्टीने निर्णायक असतात. या काळात धोका वेळीच ओळखणे हे प्रसाविकेचे, तर त्या धोक्यावर उपचार करणे हे तज्ज्ञ डॉक्टरांचे कार्य होय. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या ग्रामीण तालुक्यांत या दोन्ही पातळ्यांवरील यंत्रणा उभी असली, तरी त्यांना जोडणारा दुवा कमकुवत आहे. प्रस्तुत लेखात अंतिम टप्प्यातील सेवेचे स्वरूप, ती मिळण्यातील अडथळे, शासकीय योजनांची भूमिका आणि संभाव्य उपाय यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : प्रसूतिपूर्व तपासणी, आरोग्य सेविका, जोखमीची माता, संदर्भसेवा, स्थलांतर, माहेरघर.

प्रस्तावना

माता आरोग्याच्या क्षेत्रात महाराष्ट्राची प्रगती लक्षणीय आहे. नमुना नोंदणी पाहणीनुसार २००४-०६ या कालावधीत राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे १३० होते. २०१८-२० या कालावधीत ते ३३ पर्यंत खाली आले. याच काळात संपूर्ण देशाचे प्रमाण ९७ होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण ९४.७ टक्के आढळले.

तथापि याच सर्वेक्षणातील आणखी दोन आकडे विचार करावयास लावणारे आहेत. गरोदरपणात किमान चार तपासण्या झालेल्या मातांचे प्रमाण ७०.३ टक्केच होते आणि गरोदर स्त्रियांपैकी ४५.७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. याचा अर्थ असा की, प्रसूतीसाठी रुग्णालयात पोहोचणाऱ्या अनेक स्त्रिया पुरेशा तपासणीविनाच तेथे पोहोचतात. प्रसूती कोठे झाली या प्रश्नाइतकाच ती स्त्री कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या पूर्वतयारीने तेथे पोहोचली, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड यांसारखे आदिवासीबहुल तालुके पालघरमध्ये गेले. उर्वरित ठाणे जिल्हा प्रामुख्याने महानगरपालिकांचा, दाट नागरी वस्तीचा जिल्हा झाला. परिणामी शहापूर व मुरबाड येथील परिस्थिती जिल्ह्याच्या सरासरीत झाकली जाण्याचा संभव वाढला. ठाणे, कल्याण किंवा मीरा-भाईंदर येथील रुग्णालयांची संख्या जिल्ह्याची सरासरी उंचावते. डोळखांब वा टोकावडे परिसरातील पाड्यावरील स्त्रीला मात्र त्याचा लाभ मिळतोच असे नाही.

शहापूर तालुका संपूर्णपणे, तर मुरबाड तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी व वारली हे येथील प्रमुख आदिवासी समाज असून कातकरी समाजाची गणना विशेष दुर्बल आदिवासी गटात होते. शहापुरातून मुंबई-नाशिक महामार्ग व मध्य रेल्वे जाते. मुरबाडला कल्याण-माळशेज रस्त्याचाच मुख्य आधार आहे. मुंबईची तहान भागविणारे तानसा व भातसा जलाशय शहापूर तालुक्यातच आहेत. मात्र महामार्गापासून आत गेल्यावर अनेक पाड्यांपर्यंत बारमाही रस्ता नाही. पावसाळ्यात ओढे भरले की गरोदर स्त्रीला झोळी करून मुख्य रस्त्यापर्यंत आणावे लागते. २०२३ च्या पावसाळ्यातही या भागातून अशा बातम्या प्रसिद्ध झाल्या होत्या.

अंतिम टप्प्यातील तपासणीचे स्वरूप

भारतातील शासकीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार गरोदरपणात किमान चार तपासण्या अपेक्षित आहेत. त्यांपैकी तिसरी २८ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान आणि चौथी ३६ व्या आठवड्यानंतर व्हावी, असा संकेत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये आठ भेटींची शिफारस केली. त्यांपैकी ३०, ३४, ३६, ३८ व ४० व्या आठवड्यातील अशा पाच भेटी शेवटच्या टप्प्यात येतात. यामागील कारण स्पष्ट आहे. मातेच्या व बाळाच्या जिवावर बेतणाऱ्या अनेक गुंतागुंती याच काळात प्रकट होतात.

या तपासण्यांसाठी फार मोठ्या साधनसामग्रीची गरज नसते. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असणे आणि लघवीत प्रथिने आढळणे, ही गरोदरपणातील रक्तदाबविकाराची पूर्वसूचना असते. दुर्लक्ष झाल्यास मातेला झटके येऊ शकतात. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो तीव्र रक्तक्षय समजला जातो. अशा मातेला प्रसूतीच्या वेळी होणारा थोडा रक्तस्रावही सोसत नाही. पोटावरील तपासणीतून बाळाची वाढ, तसेच बाळ आडवे आहे की पायाळू आहे, हे समजते. वार गर्भाशयाच्या तोंडाशी असल्यास सोनोग्राफीतून ते कळते. शेवटच्या महिन्यांत वेदनेविना अंगावरून रक्त जाणे हे त्याचे प्रमुख लक्षण होय. आदिवासी भागात सिकलसेलची तपासणीही तितकीच आवश्यक ठरते.

प्रसाविका व तज्ज्ञ : दोन पातळ्या

गावपातळीवर प्रसाविकेचे काम उपकेंद्रातील आरोग्य सेविका करते. तिच्या पदाचे मूळ नावच सहाय्यक परिचारिका प्रसाविका असे आहे. २००५ पासून आशा स्वयंसेविका तिच्या मदतीला आली. पाड्यावरील सुईणीचे बाळंतपण करण्याचे काम कमी झाले असले, तरी तिच्या शब्दाला घरात अजूनही मान आहे. डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ८०,००० मागे एक ग्रामीण रुग्णालय असावे, असा निकष आहे. मात्र लोकसंख्येच्या निकषात डोंगर, ओढे व विखुरलेल्या पाड्यांचे अंतर मोजले जात नाही. लसीकरण, कुटुंबकल्याण, साथरोग सर्वेक्षण व नोंदवह्या यांचाही भार त्याच आरोग्य सेविकेवर असतो. त्यामुळे तपासणी पुष्कळदा वजन, इंजेक्शन व गोळ्या यांपुरती उरते. पोटाची तपासणी आणि मातेशी निवांत संवाद या दोन गोष्टी सर्वप्रथम गळतात.

दुसरी पातळी तज्ज्ञांची आहे. शहापूर येथे उपजिल्हा रुग्णालय व मुरबाड येथे ग्रामीण रुग्णालय आहे. सिझेरियन शस्त्रक्रियेसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्ताची उपलब्धता या तिन्ही बाबी एकाच वेळी असाव्या लागतात. नवजात बालकासाठी बालरोगतज्ज्ञही हवा. यांपैकी एक दुवा तुटला तरी उर्वरित दोन निरुपयोगी ठरतात. रजेवर गेलेल्या एका भूलतज्ज्ञामुळे संपूर्ण रुग्णालय त्या रात्रीपुरते साध्या प्रसूतिगृहाच्या पातळीवर येते. अशा वेळी मातेला उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, कळवा, ठाणे अथवा थेट मुंबई येथे पाठविले जाते. कसारा ते ठाणे हे रेल्वेचे अंतरच ८७ किलोमीटर आहे. प्रसूतीनंतरचा तीव्र रक्तस्राव उपचाराविना सुमारे दोन तासांत जीवघेणा ठरू शकतो, हे लक्षात घेतल्यास या अंतराचा अर्थ उमगतो.

विलंबाची कारणमीमांसा

थॅडियस व मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूमागील तीन विलंबांची मांडणी केली : उपचार घेण्याच्या निर्णयातील विलंब, रुग्णालयात पोहोचण्यातील विलंब आणि पोहोचल्यानंतर योग्य उपचार मिळण्यातील विलंब. शहापूर-मुरबाडच्या संदर्भात हे तिन्ही विलंब एकमेकांत गुंतलेले दिसतात. पुढे आणखी दूर पाठविले जाईल, तेथे ओळखीचे कोणी नाही, घरी लहान मुले व म्हातारी माणसे आहेत आणि मजुरी बुडणार आहे, हे ठाऊक असल्याने कुटुंब निघण्याचा निर्णय लांबवते. म्हणजेच तिसऱ्या विलंबाचा अनुभव पहिल्या विलंबाला जन्म देतो. अशा वेळी केवळ अज्ञान किंवा अंधश्रद्धा यांवर बोट ठेवणे अपुरे व अन्यायकारक ठरते.

यात चौथ्या एका बाबीची भर घालणे आवश्यक आहे. ती म्हणजे गरोदर स्त्रीचे स्थलांतर. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्यापूर्वी परततात. भट्टीवरील स्त्रीचे नाव मूळ गावच्या उपकेंद्रात असते, पण ती स्वतः दुसऱ्याच तालुक्यात असते. दुसरीकडे, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रीत सर्वच समाजांत आढळते. सातव्या महिन्यापर्यंत सासरच्या आरोग्य सेविकेने ठेवलेली नोंद नेमक्या महत्त्वाच्या वेळी मागे राहते आणि माहेरची आरोग्य सेविका कोऱ्या पाटीने सुरुवात करते. ज्या टप्प्यावर देखरेख दाट व्हावयास हवी, त्याच टप्प्यावर ती तुटते, हा येथील खरा पेच होय.

शासकीय योजनांची भूमिका

तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील जव्हार परिसरात १९९२ मध्ये झालेल्या बालमृत्यूंनी राज्याचे लक्ष वेधले. पुढे १९९५ पासून आदिवासी भागांसाठी नवसंजीवनी योजना राबविण्यात आली. वैद्यकीय अधिकाऱ्यांची भरारी पथके व पाडा स्वयंसेवक या तिच्या महत्त्वाच्या बाबी होत. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. २०११ मध्ये आलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय संस्थेतील प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, आहार व वाहतूक मोफत मिळणे हा मातेचा हक्क ठरला. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील मातांची डॉक्टरांकडून तपासणी होते. जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल खूण केली जाते. अनुसूचित क्षेत्रात २०१५ पासून सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून शेवटच्या तिमाहीत अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहार दिला जातो. आदिवासी भागातील निवडक आरोग्य केंद्रांतील माहेरघर योजनेत दिवस भरत आलेल्या स्त्रीला प्रसूतीपूर्वी काही दिवस नातेवाइकासह राहता येते.

योजनांची ही यादी अपुरी म्हणता येणार नाही. परंतु त्यांतील बहुतेक लाभ मातेने संस्थेपर्यंत यावे या गृहीतकावर उभे आहेत. लाल खूण झालेल्या मातेला पुढे कोणत्या रुग्णालयात, कोणत्या तारखेस, कोणाच्या सोबतीने न्यावयाचे, याचे उत्तर खुणेत नसते. धोक्याची नोंद होणे आणि धोक्याचे निवारण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

संभाव्य उपाय

वरील विवेचनाच्या आधारे पुढील उपाय सुचविता येतात.

१) ३६ व्या आठवड्याच्या आत प्रत्येक मातेचे लेखी प्रसूती नियोजन व्हावे. रुग्णालय, वाहन, सोबत जाणारी व्यक्ती, रक्तदाता आणि घरातील मुलांची व्यवस्था या पाच बाबी त्यात असाव्यात.

२) जून ते सप्टेंबर या काळात प्रसूतीची तारीख असलेल्या आणि रस्ता तुटणाऱ्या पाड्यांवरील मातांची यादी मे महिन्यातच तयार करून त्यांना माहेरघर किंवा रस्त्यालगतच्या आप्तांकडे हलविण्याचे नियोजन करावे.

३) सासर-माहेर व गाव-वीटभट्टी अशा स्थलांतराच्या वेळी एका आरोग्य सेविकेने दुसरीला दूरध्वनीवरून माता सोपवावी आणि माता-बाल संरक्षण कार्ड नेहमी मातेजवळच राहील, याची खात्री करावी.

४) मातेला पुढे पाठविण्यापूर्वी तेथे तज्ज्ञ व रक्त उपलब्ध आहे की नाही, याची विचारणा करणे बंधनकारक असावे. झटक्यांची शक्यता असल्यास मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊनच मातेला रवाना करावे.

५) उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ यांच्या रजा परस्परपूरक असाव्यात आणि आरोग्य सेविकेस तज्ज्ञाचा थेट सल्ला घेता यावा.

६) सुईणीला दूर न सारता सोबतीण म्हणून यंत्रणेत स्थान द्यावे. तिच्या सोबतीने निघालेले कुटुंब अधिक विश्वासाने रुग्णालयाची पायरी चढते.

समारोप

शहापूर व मुरबाड तालुके मुंबई महानगराच्या उंबरठ्यावर आहेत. देशातील उत्तम प्रसूतितज्ज्ञ ज्या महानगरात आहेत, त्याच्या नळांना पाणी पुरविणाऱ्या डोंगरांत गरोदर स्त्रीला तज्ज्ञांपर्यंत पोहोचण्यासाठी झोळीचा आधार घ्यावा लागावा, ही विसंगती केवळ अंतराची नाही. ती नियोजनाची आहे. प्रसाविकेचे निरीक्षण आणि तज्ज्ञाचे कौशल्य या दोन्हींचे मूल्य त्यांच्यातील दुव्यावर अवलंबून असते. रक्तदाबाची एक नोंद योग्य वेळी योग्य माणसापर्यंत पोहोचली, तर ती जीव वाचविते. नोंदवहीतच राहिली, तर तो केवळ एक आकडा ठरतो. म्हणून यापुढे यंत्रणेचे यश मोजताना रुग्णालयातील प्रसूतींच्या संख्येबरोबरच, जोखमीची किती मातांमध्ये वेळीच ओळख झाली आणि त्यांपैकी किती जणी कळा सुरू होण्यापूर्वी तज्ज्ञांपर्यंत पोहोचल्या, हा निकषही वापरला जाणे अगत्याचे आहे.