बारा बाय दहाची खोली आणि एक घनफुटाचा खोका

गळीत हंगाम सुरू झाला की देवळाली प्रवरा आणि राहुरी फॅक्टरी यांच्यामधल्या रस्त्यावर ऊस दिसायच्या आधी गाणं ऐकू येतं. ट्रॅक्टरवर तीन-चार स्पीकर बसवलेले, मागं दोन ट्रॉल्या. इंजिनाचा धडधडाट आणि चाकांची घरघर यांच्या वर गाणं काढायचं तर आवाज तसाच लागतो. आमच्या राहुरी तालुक्यातला साउंडचा कारागीर या कामात तयार झालेला असतो. त्याच्या आधीच्या पिढीचा कान यात्रेतल्या तमाशाच्या भोंग्यावर आणि तंबूतल्या सिनेमावर घडला, याचा मिरवणुकीतल्या डॉल्बीवर घडला. हे सगळे आवाज उघड्यावरचे. मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो आणि गेलेला आवाज परत येत नाही. तिथं मोठा स्पीकर आणि जास्त वॅट हाच शहाणपणा.

हाच कारागीर पुतण्याच्या बेडरूममध्ये आला, तेव्हा खोलीत नजर फिरवून त्याने पहिला प्रश्न विचारला, "बारा इंची टाकायचा का पंधरा?"

खोली वरच्या मजल्यावरची. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फुटांवर स्लॅब. खाली फरशी, चारी भिंतींना सिमेंटचा गिलावा, एका भिंतीला लोखंडी कपाट, समोरच्या भिंतीवर 43 इंची टीव्ही. हल्लीच्या चपट्या टीव्हीत स्पीकरला जागाच उरलेली नाही. ते खालच्या कडेला फरशीकडे तोंड करून बसवलेले असतात आणि संवाद तिकडेच जातात. पुतण्याचं नवं लग्न झालेलं. रात्री दोघांनी सिनेमा बघावा एवढीच हौस, आणि खर्चाची मर्यादा दहा हजार.

एवढ्या पैशात दुकानात सहा डब्यांचा तयार सेट मिळतो. खोक्यावर काही हजार वॅटचा आकडा छापलेला असतो आणि शेजारी बारीक अक्षरात 'पीएमपीओ'. तो आकडा कशाचा, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. ताडून बघायला एक सोपा हिशेब आहे. भिंतीतल्या पाच अँपिअरच्या सॉकेटमधून 230 व्होल्टला फार तर साडेअकराशे वॅट ओढता येतात, आणि सेटसोबतचा अडॅप्टर 24 व्होल्ट 5 अँपिअरचा असेल तर आत जातात जास्तीत जास्त 120 वॅट. आत जातं त्याहून जास्त बाहेर सतत निघत नाही. पाटी वाचू नका, अडॅप्टर वाचा, असं मी पुतण्याला म्हणालो. बारा बाय दहाच्या खोलीत प्रत्येक स्पीकरला दहा-पंधरा वॅट खरे मिळाले तरी कान भरून जातात.

दुसरी फसगत सहा या आकड्याची. 5.1 म्हणजे समोर तीन, बाजूला दोन आणि एक सबवूफर. 1992 साली 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटल थिएटरात आलं तेव्हापासून ही मांडणी रूढ झाली. त्यात सहाही वाटांनी वेगवेगळा आवाज यावा लागतो आणि त्यासाठी डिकोडर लागतो. स्वस्तातल्या पुष्कळ सेटना मागं फक्त डावी-उजवी अशी दोनच पिनांची जागा असते. म्हणजे दोन वाटांनी आलेला आवाज पाच डब्यांना वाटला जातो. शिवाय बाजूचे स्पीकर कानाच्या रेषेच्या जरा मागं यायला हवेत. आमचा पलंग मागच्या भिंतीला टेकलेला. डाव्या हाताला कपाट, उजव्या हाताला दार. उजवा स्पीकर लावला असता तर दार उघडताना रोज त्याला धडकलं असतं.

म्हणून समोर दोन चांगले स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे 2.1, असं ठरवलं. कारागीर नाराज झाला. "पाच बॉक्स नाही तर थेटर कसलं, भाऊ?" त्याचं समाधान मी करू शकलो नाही, पण पुतण्याने केलं. पाच लंगड्या डब्यांच्या पैशात तीन धड येतात हे त्याला पटलं होतं.

अॅम्प्लिफायरवरून खरी वादावादी झाली. कारागिराच्या दुकानात 4440 आणि 7294 या आयसींवरचे अॅम्प्लिफायर ओळीने मांडलेले. त्यांना तांब्याचा जड ट्रान्सफॉर्मर लागतो, आयसी थंड ठेवायला अॅल्युमिनियमचा हिटसिंक लागतो, आणि "ट्रान्सफॉर्मर जड तर आवाज जड" हे त्याचं आवडतं वाक्य. 7294 वाईट नाही. नीट बांधला तर अजूनही उत्तम वाजतो. पण संध्याकाळी शिवारातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज खाली येतं, आणि वीज गेल्यावर घर ज्या साध्या इन्व्हर्टरवर चालतं त्याची चौकोनी लाट या ट्रान्सफॉर्मरला सोसत नाही. तो घूंऽऽ करत राहतो. आम्ही घेतला टीपीए 3116 या चिपचा 2.1 बोर्ड. ही क्लास डी जातीची चिप. आउटपुटचे ट्रान्झिस्टर सेकंदाला काही लाख वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होत राहतात, अर्धवट उघडे राहत नाहीत, म्हणून उष्णता फार कमी. तळहाताएवढा बोर्ड आणि त्याला 24 व्होल्टची एसएमपीएस. ही एसएमपीएस 100 ते 240 व्होल्टमध्ये काहीही मिळालं तरी बाहेर 24 च देते. पुण्याच्या तपकीर गल्लीत असे बोर्ड काउंटरवर रचून ठेवलेले दिसतात, आणि आता घरपोचही येतात. कारागिराने बोर्ड हातात तोलून बघितला आणि म्हणाला, "याला वजनच नाही." वाजल्यावर मात्र तो काही बोलला नाही.

समोरचे दोन स्पीकर विकत घेतले नाहीत. माळ्यावर जुन्या म्युझिक सिस्टिमची जोडी धूळ खात पडली होती. अशा जोड्या गावोगाव आहेत. सीडी बंद पडली, मशीन भंगारात गेलं, स्पीकर तेवढे राहिले. घेताना कोनाच्या कडेची पट्टी बघायची. ती फोमची असेल तर पंधरा-वीस वर्षांत भुगा होते, रबराची असेल तर टिकते. आमची रबराची निघाली. आतल्या ट्विटरचा जुना कपॅसिटर काढून 4.7 मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर लावला. आठ ओहमच्या ट्विटरला तो साधारण चार हजार हर्ट्झच्या खालचे सूर अडवतो, म्हणजे नाजूक पडदा जाड आवाजाने फाटत नाही. मग पेन्सिल सेलने धन-ऋण तपासलं. सेल टेकवल्याबरोबर कोन बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी. हे काम मिनिटाभराचं आहे, तरी पुष्कळ जण टाळतात. एक स्पीकर सुलटा आणि एक उलटा जोडला गेला की दोघांचा खर्ज एकमेकांना खातो आणि बोलणारा माणूस पडद्यावर न राहता खोलीत कुठेतरी तरंगायला लागतो. मग दोष बोर्डाला दिला जातो.

सबवूफरचा खोका गावातल्या सुताराने केला. त्याला लिटरमध्ये सांगण्यात अर्थ नव्हता. आतून बारा इंच लांब, बारा रुंद, बारा उंच, असं सांगितल्यावर लगेच कळलं. एक घनफूट म्हणजे 28 लिटरला थोडं वर, आठ इंची स्पीकरला पुरेसं. अठरा एमएमचा प्लाय, सांध्यांना स्क्रू, आणि आतल्या कोपऱ्यांत फेविकॉलमध्ये लाकडाचा भुसा कालवून भरलेली लांबी. सुतारांची ही जुनी युक्ती इथं फार कामाला येते, कारण खोका हवाबंद हवा. तो आहे की नाही हे उदबत्तीने तपासलं. खर्जाचं गाणं लावून सांध्यांजवळ उदबत्ती फिरवायची, धूर थरथरला तिथं फट. आत गादीवाल्याकडून आणलेला उशीचा फायबर सैलसर भरला. त्याने खोका आहे त्यापेक्षा थोडा मोठा असल्यासारखा वागतो आणि आतला पोकळ आवाज मरतो.

खोक्याला पाइप बसवायचा नाही, यावर मी अडून बसलो. कारागिराला पाइप हवाच होता, कारण ट्रॅक्टरवरच्या पेटीला तो असतो आणि त्याने धमक वाढते. पाइपाचा खोका आपल्या सुराच्या आसपास जोरात वाजतो आणि त्याखाली झपाट्याने गळतो, सप्तकाला 24 डेसिबलने. बंद खोका आधीच उतरायला लागतो, पण सावकाश, 12 डेसिबलने. लहान खोली अगदी खालचे सूर स्वतःच थोडे उचलते, त्यामुळे बंद खोक्याची उणीव तीच भरून काढते. उघड्यावर ही मदत कुठून मिळणार?

याच मदतीचा जाचही होतो. आवाज सेकंदाला सुमारे 1125 फूट जातो. खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की ज्या सुराला ती खोली घुमते तो मिळतो. बारा फुटांना 47 हर्ट्झ, दहा फुटांना 56. आमच्या खोलीची रुंदी आणि उंची दोन्ही दहाच, म्हणजे 56 ला दोनदा घुमणार. मोबाइलवर सूर काढायचं फुकट अॅप असतं, त्यावर 40 पासून हळूहळू वर गेलो. पन्नास ओलांडल्यावर खोली फुगायला लागली, 56 च्या आसपास कपाटाची मूठ खडखडली, आणि सत्तरीकडे सगळं शांत. सबवूफर तोच, नॉब तिथंच. नवशिका माणूस इथं म्हणतो की वूफर भसाडा आहे, बदलून घेऊ. बदलायची असते त्याची जागा.

त्यासाठी साउंडवाले एक विचित्र दिसणारा उद्योग करतात. सबवूफर पलंगावर, जिथं आपलं डोकं येणार तिथं ठेवायचा, आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगत ऐकायचं. जिथं खर्ज मोकळा आणि सारखा ऐकू येईल, तिथं सबवूफर ठेवायचा. दोन जागांची अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, म्हणून हे चालतं. पुतण्या आणि कारागीर दोघं गुडघ्यांवर असताना वहिनी चहा घेऊन वर आल्या. "फरशी पुसायचीच होती तर फडकं तरी घ्यायचं," म्हणाल्या आणि कप खिडकीत ठेवून गेल्या.

कोपऱ्यात सगळ्यात मोठा आवाज आला आणि सगळ्यात वाईटही. जागा सापडली कपाटाच्या अलीकडे, लांब भिंतीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर. खाली गोठ्यात गायींसाठी अंथरतात त्या रबरी मॅटचा तुकडा घातला. या भागात घरोघरी दूध असल्याने असे तुकडे पडलेलेच असतात, आणि बाजारातल्या महागड्या पॅडइतकंच ते काम करतात. कपाटाच्या मुठीत नमद्याची चकती बसवली. टाळी वाजवली की खोली झणझणायची, ती खिडकीला जाड पडदा आणि पलंगामागच्या भिंतीला आजीची गोधडी लावल्यावर थांबली. गोधडीने खर्ज मात्र जराही कमी होत नाही. ज्यांना कुणी भिंतीवर फोमच्या चौकटी चिकटवून घुमणं घालवतो म्हणून सांगतं, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

टीव्ही जोडताना ऑप्टिकल वायर वापरली आणि मध्ये डिजिटलचं अॅनालॉग करणारी छोटी डबी. टीव्हीच्या मेनूत आवाज 'पीसीएम'वर ठेवावा लागतो, नाहीतर ही डबी गप्प बसते, कारण तिला डॉल्बी उलगडता येत नाही. ब्लूटूथ बोर्डात होतं, ते गाण्यांपुरतं ठीक. सिनेमात ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

नॉब लावायला सिनेमा नको, बातम्या लावाव्यात. पुरुष निवेदकाचा आवाज सबवूफरमधून येतोय असं जाणवलं तर समोरचे स्पीकर आणि सबवूफर यांच्यात सूर वाटणारा क्रॉसओव्हर फार वर आहे. तो 80-90 हर्ट्झपर्यंत खाली आणला आणि निवेदक टीव्हीत परत गेला. त्यानंतर 'सैराट'. 2016 च्या या सिनेमाचं संगीत तपासणीला सोयीचं आहे. त्यातली वाद्यवृंदाची साथ लॉस एंजलिसला ध्वनिमुद्रित झाली होती, आणि त्याच सिनेमात आपल्या वरातीचा ठेकाही आहे. व्हायोलिनचा ताफा पसरून ऐकू आला आणि ठेका छातीवर न बसता पायाशी राहिला, तेव्हा कारागिराने खिशातून टेप काढून खोलीचं माप पुन्हा घेतलं. कपाट उलट्या भिंतीला नेलं तर काय होईल, हे त्याने आपणहून विचारलं. मला सगळ्या कामात हा प्रश्न सर्वांत आवडला.

सगळा खर्च सव्वाआठ हजारांच्या आसपास आला, सुताराच्या मजुरीसह. वीस फुटी हॉल असेल तर हा घाट घालू नका. तिथं खरा डिकोडर असलेला रिसीव्हर आणि पाच स्पीकर यांनाच अर्थ आहे, आणि ते दहा हजारांत बसत नाही. बेडरूमपुरतं बोलायचं तर दुकानात जाण्याआधी खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटात मोजा, प्रत्येकाच्या दुपटीने 1125 ला भागा आणि ते तीन आकडे कागदावर लिहून सोबत न्या. आणि रात्री दहानंतर आवाज उतरवा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीची रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, आणि शेजाऱ्याची भिंत सामाईक असेल तर 56 हर्ट्झचा सूर तिच्यातून सहज पलीकडे जातो.