डबल गावसकर

दोस्तांनो, तुमच्या कंपासपेटीत डोकावलं तर काय सापडेल? ट्रम्प कार्डं? स्टिकर? जुनी नाणी? आमच्या कंपासपेटीत क्रिकेटपटू असायचे!

गोष्ट १९८७ सालची. त्या वर्षी क्रिकेटचा विश्वचषक पहिल्यांदाच इंग्लंडबाहेर, भारत-पाकिस्तानात भरला होता. मी तेव्हा परभणीत पाचवीत होतो. ३१ ऑक्टोबरला नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्मानं विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली आणि सुनील गावसकरनं ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा ठोकल्या. एकदिवसीय सामन्यांतलं त्याचं ते एकुलतं एक शतक! शेजारच्या काकांच्या टीव्हीपुढं आम्ही नुसते नाचलो.

त्याच सुमारास 'बिग फन' बबलगम मिळायचं. त्यात क्रिकेटपटूचं चित्र असे आणि त्यावर धावा किंवा बळी. ते जमवले की बक्षीस. पण आम्हाला बक्षिसापेक्षा चित्रंच प्यारी! एखादं चित्र दोनदा निघालं की ते 'डबल'. मग मधल्या सुट्टीत लिंबाखाली बाजार भरायचा. "माझा डबल कपिल घे, तुझा श्रीकांत दे!"

माझ्याकडं गावसकर दोन होते. माझ्या जिवलग मित्राकडं एकही नव्हता. मी काय केलं माहीत आहे? एक वहीत लपवला आणि म्हणालो, "एवढा एकच आहे बघ. पाच चित्रं दे." त्यानं मुकाट्यानं पाच मोजून दिली.

अमेरिकेतल्या मुलांना असंच वेड बेसबॉलच्या कार्डांचं. पूर्वी सिगारेटचं पाकीट चुरगळू नये म्हणून त्यात पुठ्ठ्याचा तुकडा घालत. त्यावर खेळाडूंची चित्रं छापू लागले. पुढं ती बबलगमबरोबर मिळू लागली. १९५२ सालचं मिकी मँटल या खेळाडूचं एक कार्ड २०२२ मध्ये तब्बल १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं! का बरं? कारण इतक्या चांगल्या स्थितीत राहिलेली त्याची कार्डं फारच थोडी आहेत. वस्तू दुर्मिळ झाली, की भाव चढतो.

भाव मीही चढवला होता. फक्त खोटं बोलून.

पुढच्या उन्हाळ्यात मित्राच्या वडिलांची बदली झाली. परभणी स्टेशनवर निरोप द्यायला गेलो, तेव्हा त्याची पाच चित्रं माझ्या खिशात होती. आत्ता देऊ, मग देऊ करता करता गाडी हलली. तेवढ्यात त्यानंच खिडकीतून हात बाहेर काढला आणि एक चित्र माझ्या हातात कोंबलं. "चेतन शर्मा! माझ्याकडं डबल आहे. तुझ्याकडं नाही ना?"

ती सहा चित्रं मी अजून जपून ठेवली आहेत. कुणी लाख रुपये दिले तरी विकणार नाही. त्यातली पाच माझी नाहीतच मुळी!

तेव्हा दोस्तांनो, कार्डं, तिकिटं, नाणी, हवं ते जमवा. आईबाबांनाही विचारा, ते काय जमवायचे. आणि अदलाबदल करताना एक लक्षात ठेवा : डबल असलं, तर डबल म्हणा!