आकुर्डीचा अनुभव

अनुभवी माणूस बदलत का नाही, याचे उत्तर आपण सहसा त्याच्या स्वभावात शोधतो. हट्टी आहे, वय झाले, असे म्हणून मोकळे होतो. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याचा इतिहास पाहताना मला हे उत्तर अपुरे वाटते. अनुभव नेमका कशाचा, हे आधी विचारायला हवे.

राहुल बजाज १९६८ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, बजाज ऑटोचे प्रमुख झाले. आकुर्डीच्या कारखान्याच्या आवारातच ते सहकुटुंब राहत. पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि पुढच्या वर्षी ‘चेतक’ आली. दिवस परवाना पद्धतीचे होते. किती स्कूटर काढायच्या हे दिल्ली ठरवी, आणि गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षे, कधी दहा-दहा वर्षे, वाट पाही. अशा बाजारात कारखानदार दोन गोष्टींत तरबेज होतो : सरकारशी झगडून परवानगी मिळवणे आणि तीच वस्तू स्वस्तात, अधिक संख्येने काढणे. रांगेतले गिऱ्हाईक कुरकुरत नाही. स्कूटर सुरू झाली नाही तर ती एका अंगावर कलती करते, पुन्हा किक मारते आणि कामाला लागते. त्याला काय हवे हे विचारण्याचा अनुभव पंचवीस वर्षांतही गाठीला पडत नाही. तो पडावा असे काही घडतच नसते.

बजाज झोपले होते, असे मात्र म्हणता येणार नाही. वाळूजचा कारखाना १९८५ चा, कावासाकीबरोबरची मोटारसायकल १९८६ ची. पण कंपनीचा जीव स्कूटरमध्ये होता. दरम्यान हिरो होंडाने चार-स्ट्रोक मोटारसायकल आणली. ती पेट्रोल कमी पिई, आणि तिची मोठी चाके खेड्यातल्या खड्ड्यांतून स्कूटरच्या दहा इंची चाकांपेक्षा सहज निघत. १९९३ मध्ये ज्या उद्योगपतींच्या गटाला ‘बॉम्बे क्लब’ म्हटले गेले, त्यात राहुल बजाज अग्रभागी होते. परकीय कंपन्यांपुढे देशी उद्योगाला समान संधी हवी, ही त्यांची मागणी मला अवाजवी वाटत नाही. पण खरी स्पर्धा दिल्लीत नव्हे, तालुक्याच्या गावातल्या दुकानात चालली होती. २००१ मध्ये हिरो होंडा पुढे निघून गेली.

त्याच वर्षी चाकणच्या नव्या कारखान्यातून ‘पल्सर’ आली. तिच्यामागे राजीव बजाज होते. २००५ मध्ये ते व्यवस्थापकीय संचालक झाले. एका नावाने एकच गोष्ट सांगावी, म्हणून कंपनीने फक्त मोटारसायकलवर लक्ष द्यावे, असे त्यांचे मत. डिसेंबर २००९ मध्ये त्यांनी स्कूटर बंद करण्याचे जाहीर केले. याचे आपल्याला वाईट वाटते, हे राहुल बजाज यांनी उघडपणे सांगितले. ते तेव्हा कंपनीचे अध्यक्ष होते. निर्णय मात्र तसाच राहिला.

माझ्या लेखी या विषयातले सर्वांत महत्त्वाचे उदाहरण हेच. वडिलांचे मत बदलले नव्हते. लवचिकता म्हणजे मतपरिवर्तन, असे आपण धरून चालतो. इथे मत जागेवर राहिले, दुःखही जाहीर झाले आणि तरी कारभार दुसऱ्याच्या हातात राहू दिला गेला. मराठी घरांत दुकानाची किल्ली मुलाला देऊन गल्ल्याजवळची खुर्ची न सोडणारे वडील पुष्कळ असतात. त्यांना विचारावे, हे किती अवघड आहे.

शिवाय निर्णय बरोबर ठरला, असेही नाही. होंडाच्या ‘ॲक्टिव्हा’ने गिअर नसलेल्या स्कूटरची बाजारपेठ उभी केली आणि त्या बाजारात बजाज नव्हते. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये राजीव बजाज यांच्याच कंपनीने विजेवरची स्कूटर दाखवली, तीही ‘चेतक’ याच नावाने. एव्हाना तेही अनुभवी झाले होते, आणि आता मोडायचा होता तो त्यांचाच नियम.

या बदलाचा हिशेब मात्र संचालकांच्या खोलीपुरता मांडून चालत नाही. जुन्या चेतकचे अंग दाबलेल्या पत्र्याचे, मोटारसायकलचा सांगाडा नळ्यांचा. वस्तू बदलली की पत्र्याचे साचे, दाबयंत्रे आणि त्यांवर बसलेला हात, सगळ्यांची किंमत एकदम उतरते. २००७ मध्ये आकुर्डीतले उत्पादन थांबले, तेव्हा कामगार रस्त्यावर आले. कंपनीचा नवा कारखाना त्याच वर्षी करसवलतींच्या उत्तराखंडात, पंतनगरला, सुरू झाला होता. साहेब नवे शिकले, असे म्हणताना त्या शिकण्याची फी कोणी भरली, हेही नोंदवायला हवे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये राहुल बजाज गेले. त्याच वर्षी १० जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, आकुर्डीत विजेवरच्या स्कूटरचा कारखाना सुरू झाला. नव्या चेतकचे अंगही पत्र्याचेच आहे. २००७ मध्ये त्रेचाळीस वर्षांचा असलेला कामगार तोवर अठ्ठावन्न वर्षांचा झाला होता.