झाडावरचा संत्रा थांबत नाही

संत्र्याचा स्वभाव आधी सांगते, कारण २०२० च्या करोना टाळेबंदीतला आमचा सगळा पेच त्यातूनच उभा राहिला. केळी हिरवी तोडून मागाहून पिकवता येते, संत्रा तसा नाही. तोडल्यावर त्याची गोडी वाढत नाही, म्हणून तो झाडावरच पिकू द्यावा लागतो. आणि पिकला की उतरवावाच लागतो. जास्त दिवस ठेवला तर साल फुगते, रस आटतो, फळगळ सुरू होते, आणि पुढच्या बहारासाठी झाडात जोर राहत नाही.

आमच्या शेंदूरजनाघाटला, अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात, मृग बहाराचा म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचा माल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतो. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा बागा पिवळ्या झाल्या होत्या.

कागदावर वाट लवकर मोकळी झाली. २७ मार्चला शेतीकामांना आणि बाजार समित्यांना सूट मिळाली, २९ मार्चला सगळ्याच मालाच्या वाहतुकीला. तरी माल हलेना. माल नुसत्या ट्रकने जात नाही. तोडणारे लागतात, प्रतवारी करणाऱ्या बाया लागतात, क्रेट, कागद आणि तणस लागते. पुढे अडत्याचं दुकान उघडं लागतं. सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं गाव. पलीकडे लगेच मध्य प्रदेश. एरवी शेजारच्या आळीसारखी असलेली तिकडची गावं सीमेवर नाके लागताच लांब गेली. एक चालक मला म्हणाला, "ताई, गाडी भरा, नेतो मी. पण वाटेत खाऊ काय?" महामार्गावरच्या ढाब्यांना परवानगी मिळाली ती २० एप्रिलपासून. जीवनावश्यक मालाच्या यादीत फळ होतं, पण ते नेणाऱ्याच्या जेवणाचा विचार महिनाभर मागे राहिला. मला आजही ही सर्वांत मोठी चूक वाटते.

नागपुरी संत्र्याचं परदेशातलं मोठं गिऱ्हाईक तेव्हा बांगलादेश होतं. पेट्रापोल-बेनापोलची सीमेवरची वाट बंद होताच तिकडे जाणारा मालही देशातल्या बाजाराकडे वळला, आणि भाव आणखी खचला. शहरांत मात्र लोक 'क' जीवनसत्त्वासाठी संत्री शोधत होते! आम्ही काही जणांनी लहान गाड्यांतून अमरावतीच्या वसाहतींत पेट्या पोचवल्या. पैसे रोख मिळाले. पण अशा विक्रीतून बागेचा थोडाच माल खपतो, हेही खरं.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर आणि वरुड ऑरेंज सिटी स्थानकांवरून दिल्लीच्या आदर्श नगरला संत्र्याची किसान रेल्वे निघाली, भाड्यात निम्मी सवलत होती. लहान शेतकऱ्याला आख्खा ट्रक भरावा लागत नसे, हा तिचा मोठा गुण होता. पण स्थानकाजवळ शीतगृह आणि मेणाचा थर देणारं यंत्र हाताशी असेल तरच तिचा पुरता उपयोग होता, कारण मग फळ काही आठवडे थांबू शकतं.

२२ फेब्रुवारी २०२१ ला अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी लागली, पुन्हा मृगाच्याच तोडीत. तेव्हा गावातल्याच मजुरांच्या टोळ्या ठरलेल्या होत्या, पास आधीच काढलेले होते, चालकाचा डबा आमच्याकडून जात होता. माल वेळेत उतरला.

आता बागेचा सौदा करताना भावाआधी मी व्यापाऱ्याला विचारते: तोड कोण करणार, गाडी कोणाची, आणि ठरलेला बाजार बंद पडला तर माल कुठे वळवणार? उत्तर नसेल तर इसार घेत नाही.