शंभर मीटरसाठी तीन महिने

रॉबर्ट हाऊलेटने १८५७च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये काढलेलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. उंच काळी टोपी, तोंडात सिगार, हात विजारीच्या खिशात, बूट आणि विजार चिखलाने माखलेली. मागे प्रचंड कड्यांचा साखळदंड, पार डोक्याच्या वर गेलेला. माणूस कॅमेऱ्याकडे बघत नाही. काम अडलेला मिस्त्री बघतो तसं बाजूला कुठेतरी बघतोय. हा इसंबार्ड किंग्डम ब्रुनेल, आणि अडलेलं काम म्हणजे ‘ग्रेट ईस्टर्न’. जगातली तोवरची सर्वांत मोठी आगबोट थेम्सच्या काठावर बांधून उभी होती. पाणी हाकेच्या अंतरावर होतं आणि ती जागची हलत नव्हती.

एवढी मोठी बोट बांधायचं कारण एकच, कोळसा. सुएझ कालवा तेव्हा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून पूर्वेकडे निघालेल्या आगबोटीला वाटेत ठिकठिकाणी कोळसा भरावा लागे, आणि तो त्या बंदरांत आधी इंग्लंडहून शिडाच्या जहाजांनी नेऊन ठेवलेला असे. म्हणजे वाफेचा प्रवास शेवटी शिडांच्याच भरवशावर. ब्रुनेलचं गणित सरळ होतं: बोट लांबी-रुंदी-खोलीने दुप्पट केली तर पोट आठपट होतं, पण पाण्याचा अडथळा साधारण चौपटच वाढतो. मग पोटच एवढं करा की ऑस्ट्रेलियापर्यंतचा कोळसा इथूनच भरून निघेल. या हिशेबातून आकडे निघाले ते असे: लांबी ६९२ फूट, प्रवासी ४,०००, कोळसा १२,००० टनांच्या घरात. चालवायला दोन्ही कडांना ५६ फूट व्यासाची चाकं, मागे पंखा, आणि त्यावर सहा डोलकाठ्या. एका यंत्रावर पूर्ण विश्वास ठेवायची हिंमत ब्रुनेललाही नसावी.

१ मे १८५४ रोजी मिलवॉलला काम सुरू झालं. ठेकेदार जॉन स्कॉट रसेल, स्वतः नावाजलेला जहाजतज्ज्ञ. बोटीला कवच दुहेरी होतं: आत एक, बाहेर एक, मध्ये जेमतेम पावणेतीन फुटांची फट. सुमारे ३०,००० लोखंडी पत्रे आणि ३० लाख रिबिटं, सगळी हाताने ठोकलेली. पोऱ्याने भट्टीतून लालभडक रिबिट आणायचं, आतल्याने ते भोकात घालून दाबून धरायचं, बाहेरच्या दोघांनी आळीपाळीने घण घालून त्याचं टोक चेपायचं. गार होताना रिबिट आकसतं आणि दोन पत्रे एकमेकांना करकचून आवळले जातात. त्या अंधाऱ्या फटीत बसून, डोक्यावर घणांचा आवाज झेलत वर्षानुवर्षं हे काम चाललं. एक कामगार आतच अडकून राहिला, ही दंतकथा पुढे बोटीला कायमची चिकटली. पुरावा काही नाही, पण ती फट डोळ्यांसमोर आणली की अशी गोष्ट का जन्मली ते कळतं.

रसेलने इंजिनांसकट ३,७७,२०० पौंडांना काम घेतलं होतं. १८५६ साली त्याचं दिवाळं वाजलं. दोघे हुशार, दोघे मानी, आणि हिशेबाच्या वह्या एकाच्याच हातात. याहून वेगळं काय होणार होतं?

खरी परीक्षा पुढेच होती. थेम्सच्या त्या पात्रात एवढी बोट नाकासमोर सोडणं अशक्य, समोरच्या काठात घुसली असती. म्हणून ती नदीला समांतर बांधली आणि आडवी सरकवायची ठरली. बाराला एक असा उतार, बोटीखाली दोन अजस्र पाळणे, पाळण्यांखाली लोखंड आणि त्याखाली लोखंडाचेच रूळ. जहाजं एरवी चरबी फासलेल्या लाकडावरून घसरतात. पण १२,००० टनांचं धूड सुटलं तर आवरणार कोण, या धास्तीने ब्रुनेलने लोखंडावर लोखंड ठेवलं. सुटण्याचीच भीती त्याने धरली. न सुटण्याचा विचार कमी पडला, असं मला वाटतं.

३ नोव्हेंबर १८५७. ब्रुनेलला शांतता हवी होती, हुकूम ऐकू गेले पाहिजेत म्हणून. बोटीची मालक असलेल्या कंपनीने परस्पर ३,००० तिकिटं वाटली. जत्रा भरली. बाटली फुटली, नाव ठेवलं ‘लेव्हायथन’, जे कोणाच्या तोंडी बसलं नाही. बोट काही फूट सरकली, साखळीला हिसका बसला, आवरायच्या रहाटाचा दांडा गर्रकन उलटा फिरला आणि त्यावरची माणसं हवेत भिरकावली गेली. त्यात एका कामगाराचा जीव गेला. त्या दिवशी बोट पुढे गेलीच नाही.

मग सुरू झालं ते इंचांचं युद्ध. पाण्याच्या दाबावर चालणारे जॅक लावले, त्यांची नळकांडी फुटली, साखळ्या तुटल्या, आणखी जॅक मागवले. बर्मिंगहॅमच्या टँगी बंधूंच्या कारखान्याला नाव मिळालं ते याच कामातून. रॉबर्ट स्टीफन्सन, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे रेल्वेच्या जीआयपी कंपनीचा सल्लागार अभियंता, त्या चिखलात मित्राच्या शेजारी येऊन उभा राहिला. एखाद्या दिवशी बोट काही फूट जायची, एखाद्या दिवशी रुसून बसायची. ती पाण्याच्या कडेला आली तेव्हा भांगाच्या भरतीचा उपयोग नव्हता, उधाणच हवं होतं. ३१ जानेवारी १८५८ला उधाणही आलं आणि वाराही पडला. बोट तरंगली. शंभर मीटरच्या आसपासचं अंतर, दिवस एकोणनव्वद.

तोवर कंपनी संपली होती आणि ब्रुनेलची तब्येतही. ५ सप्टेंबर १८५९ला बोटीवरच त्याला झटका आला. चार दिवसांनी चाचणी सफरीत धुराड्याभोवतीच्या पाणी तापवायच्या टाकीची तोटी बंद राहिली आणि ती उडाली. भट्टीवाले होरपळून मेले. आतल्या आडव्या भिंतींनी बोट मात्र वाचवली. १५ तारखेला ब्रुनेल गेला.

१८६०च्या पहिल्या प्रवासात ती न्यूयॉर्कला गेली, पैसे मोजलेले प्रवासी ३५. चार हजारांच्या बोटीत पस्तीस! पूर्वेच्या प्रवाशांसाठी बांधलेली बोट पूर्वेचा एकही प्रवासी न घेता अटलांटिकवर तोट्यात फिरत राहिली.

तिला काम मिळवून दिलं ते पोटाने. १८५८ला अटलांटिकखाली टाकायची तारेची केबल दोन जहाजांत वाटून न्यावी लागली होती. ही एकटी ती सगळी गिळू शकत होती. १८६६ला तिने युरोप-अमेरिका जोडली. आणि अखेर १८७०च्या सुरुवातीला ती मुंबईला आली. प्रवाशांऐवजी टाक्यांत केबल होती. सुएझ कालवा नुकताच उघडला होता, पण त्यात ती मावत नव्हती, म्हणून आफ्रिकेला वळसा घालूनच. केबलीवरचा गुट्टापर्चाचा लेप उन्हाने मऊ पडू नये म्हणून बोटीला पांढरा रंग फासला होता. सत्तावन्नच्या उठावाची बातमी लंडनला पोचायला महिन्याहून अधिक काळ लागला होता. या पांढऱ्या बोटीने मुंबईपासून एडनपर्यंत केबल टाकली आणि त्याच वर्षी मुंबईचा निरोप समुद्राखालून लंडनला जाऊ लागला.

१८८९मध्ये लिव्हरपूलजवळ मर्सी नदीकाठी ती मोडायला घेतली. भंगारवाल्यांचा अंदाज चुकला, रिबिटं सुटेनात. शेवटी लोखंडाचा जड गोळा टांगून तो वरून आपटत राहावं लागलं, आणि दीड वर्ष गेलं. तिची एक डोलकाठी लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड फुटबॉल मैदानाबाहेर आजही झेंड्यासाठी उभी आहे. आणि मिलवॉलला, ओहोटी लागली की, तिच्या उताराखालचे काळे पडलेले ओंडके चिखलातून वर दिसतात.