दारू सोडायचीय, पण कुणाला कळू नये? जामखेडकरांसाठी ‘ए.ए.’ मीटिंगची माहिती

आपल्या मोहल्ल्यात कुणी दारू पीत नाही, असं आपण बाहेर सांगतो. घरात काय चाललंय ते त्या घरातल्या बाईला आणि लेकरांनाच माहीत असतं. इस्लाममध्ये दारू हराम आहे. सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत तिची मनाई आहे, हे पिणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून तो लपून पितो, आणि लपून पिणाऱ्याला मदत मागणं जास्त अवघड जातं. दवाखान्यात गेलो तर लोकांना कळेल, मौलानांना सांगितलं तर जमातीत कळेल, बहिणीचा रिश्ता मोडेल. या भीतीत वर्षं निघून जातात.

काहीजण रमजानचा चाँद दिसला की बाटली बाजूला ठेवतात. महिनाभर रोजे, तरावीह सगळं नीट होतं. ईदनंतर आठवड्यात पुन्हा सुरू. घरचे म्हणतात, ‘याचं ईमानच कच्चं.’ पण दारूचं व्यसन हा आजार आहे, असं जागतिक आरोग्य संघटनाही मानते. गुनाह आहे म्हणून तौबा करायची आणि आजार आहे म्हणून इलाजही करायचा. एकामुळे दुसरं टळत नाही.

ए.ए. म्हणजे काय?

‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे अनामिक मद्यपींची संघटना. १९३५ साली अमेरिकेतल्या अक्रॉन शहरात एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन भेटले. दोघेही दारूने खचलेले. एकमेकांशी बोलत राहिलो तर दारूपासून लांब राहता येतं, हे त्यांच्या लक्षात आलं. तिथून ही चळवळ सुरू झाली आणि १९५७ च्या सुमारास भारतात आली. सदस्य होण्यासाठी अट एकच : दारू सोडायची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. संघटना कुठल्याही धर्माशी किंवा पक्षाशी जोडलेली नाही.

मीटिंगमध्ये काय होतं?

साधारण तास-दीड तास लोक खुर्च्यांवर बसून बोलतात. एकेकजण फक्त पहिलं नाव सांगतो आणि आपली हकीकत मांडतो. मध्ये कुणी टोकत नाही, उपदेश करत नाही. तुम्हाला बोलायचं नसेल तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा, चालतं. शेवटी डबा फिरतो, त्यात पैसे टाकायची सक्ती नाही. ‘आयुष्यभर सोडतो’ अशी कसम कुणी घ्यायला लावत नाही. फक्त आजचा दिवस प्यायची नाही, एवढंच ठरवायचं. जुना सदस्य नव्याला फोन नंबर देतो, म्हणजे तलफ आली की त्याच्याशी बोलता येतं.

‘बंद’ मीटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी असते. ‘खुल्या’ मीटिंगला घरचेही येऊ शकतात. बायको आणि इतर नातेवाइकांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ नावाचे वेगळे गट असतात. नवरा यायला तयार नसला तरी बायको तिथे एकटी जाऊ शकते.

मीटिंग कधी शाळेत, कधी चर्चच्या हॉलमध्ये असते. ती जागा फक्त वापरायला घेतलेली असते. त्यांच्या १२ पायऱ्यांमध्ये ‘ज्याला जसा समजला तसा’ ईश्वर म्हटलं आहे, आपल्यासाठी तो अल्लाह. शेवटच्या प्रार्थनेच्या वेळी गप्प राहून आपली दुआ केली तरी चालते. मगरिबची वेळ आडवी येत असेल तर आधी सांगून ठेवा.

आणि तिथे कुणी ओळखीचा भेटला तर? तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. इथं ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हा तिथला पहिला दंडक.

जामखेडहून शोधायचं कसं?

ए.ए.च्या भारतातल्या वेबसाइटवर गावानुसार मीटिंग शोधता येतात. नगर सुमारे ७५ किलोमीटरवर आहे, एसटीने जाऊन येता येतं. गावात कळायची भीती असणाऱ्याला दुसऱ्या शहरातली मीटिंग सोयीचीच. प्रवास जमत नसेल तर मोबाइलवर ऑनलाइन मीटिंग असतात, तिथे कॅमेरा बंद ठेवता येतो. केंद्र सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’ १४४१६, दोन्ही मोफत आहेत. भरती व्हायची गरज पडली तर पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र आहे.

हे विसरू नका

रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, भास होणं, फिट येणं असे त्रास होऊ शकतात. जीवही जाऊ शकतो. त्यामुळे आधी डॉक्टरला खरं प्रमाण सांगा आणि मग सोडा. मीटिंग औषधाची जागा घेत नाही. रमजानच्या पहिल्या रोज्याला सोडणाऱ्यांनी तर हे नक्की लक्षात ठेवावं. आजारी माणसाला रोज्याची सवलत आहे, नंतर कजा करता येतो.

जामखेडला लपवलेल्या आजाराची गोष्ट नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये इथे काम सुरू केलं, तेव्हा कुष्ठरोगी असेच लपवले जायचे. गावातल्याच बायका आरोग्यसेविका झाल्या, घरोघरी गेल्या, आणि लोक उपचाराला बाहेर आले. आपल्या गल्लीतला एखादा भाऊ उद्या मीटिंगला निघाला, तर ‘कुठं चाललास?’ म्हणून त्याला अडवू नका. आणि जो जायचं की नाही या विचारात आहे, त्याने आज फक्त एक फोन करावा. नाव सांगायची गरज नाही.