प्रवासाची शिदोरी आणि पॉवर बँक

आपल्या घरांतून वर्षाकाठी दोन-तीन तरी लांबचे प्रवास ठरलेलेच असतात. कुणी दीक्षाभूमीला नागपूरला जातात, कुणी ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर येतात. कुणाची मुलगी परीक्षेला किंवा मुलाखतीला पुण्या-मुंबईकडे निघते, तर कुणाचा भाऊ कामासाठी आखाताचे विमान पकडतो. पूर्वी अशा वेळी तिकीट, पत्त्याची चिठ्ठी आणि थोडे सुटे पैसे जपले की भागत असे. आज तिकीट मोबाईलमध्ये, पैसे मोबाईलमध्ये आणि ज्यांच्याकडे उतरायचे त्यांचा नंबरही मोबाईलमध्येच. फोन बंद पडला की माणूस भर गर्दीत एकटा पडतो. मोबाईलवर काढलेले लोकलचे तिकीट तपासनिसाला दाखविता आले नाही, तर पैसे भरूनही दंडाची पाळी येते.

म्हणूनच पॉवर बँक आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मात्र ती घेताना कष्टाचे पैसे वाया जाऊ नयेत आणि घरात धोकाही येऊ नये, यासाठी चार गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत.

गाडीतल्या प्लगचा भरवसा नको

'गाडीत प्लग असतो की!' असे पुष्कळजण म्हणतात. पण जनरल डब्यात, उभे राहायलाही जागा नसताना, त्या प्लगपर्यंत हात पोहोचणेच कठीण. शिवाय आगीचा धोका टाळण्यासाठी पश्चिम रेल्वेने मार्च २०२१ मध्ये रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत गाडीतील चार्जिंगचे प्लग बंद ठेवण्याचा निर्णय घेतला होता. म्हणजे आपण निवांत झोपताना फोन लावू म्हणावे, तर नेमकी तीच वेळ हातची जाते. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर महानगरपालिका चार्जिंगची सोय करते. पण लाखोंच्या गर्दीत तिथे रांग लागणारच.

आणखी एक सावधगिरी. अनोळखी ठिकाणच्या यूएसबी खाचेत थेट वायर लावल्यास फोनमधील माहिती चोरली जाऊ शकते, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२२ साली काढलेल्या पुस्तिकेत दिला आहे. ज्या फोनमध्ये बँकेचे खाते आहे, त्याच्यासाठी स्वतःची पॉवर बँक बरी.

खोक्यावरचा आकडा आणि हाती येणारा आकडा

पॉवर बँकेवर १०,००० किंवा २०,००० एमएएच असे लिहिलेले असते. आपल्या फोनची बॅटरी ५,००० एमएएचची असेल, तर १०,००० मध्ये फोन दोनदा भरेल, असा हिशेब आपण करतो. तो चुकतो. पॉवर बँकेच्या आतील बॅटरी साधारण ३.७ व्होल्टची असते, तर वायरीतून फोनकडे वीज किमान ५ व्होल्टने जाते. हा दाब वाढविताना आकडा कमी होतो आणि थोडी वीज उष्णतेत जाते. हंड्यातले पाणी तांब्यात ओतताना थोडे सांडते, तसेच हे. त्यामुळे १०,००० च्या पॉवर बँकेतून ५,००० चा फोन साधारण सव्वा ते दीड वेळा भरतो.

खरा आकडा खोक्यावर बारीक अक्षरांत दिलेला असतो. 'रेटेड कपॅसिटी' या शब्दांपुढे ५,८०० ते ६,५०० असे काही दिसेल. दोन वस्तूंची तुलना करायची ती याच आकड्यावर. जिथे तो आकडाच नाही, ती वस्तू परत ठेवावी.

रस्त्यावर '५०,००० एमएएच' लिहिलेली, खिशात मावणारी पॉवर बँक दोन-तीनशे रुपयांना मिळते. वजन हा तिचा साधा पुरावा. चांगली १०,००० ची पॉवर बँक साधारण २०० ते २५० ग्रॅम भरते आणि २०,००० ची ३५० ते ४५० ग्रॅम. आकडा मोठा आणि वजन हलके, तर आकडा खोटा समजावा.

कुणाला किती?

एका माणसाला एक रात्र आणि दोन दिवसांच्या प्रवासासाठी १०,००० पुरेशी आहे. चौघांचे कुटुंब तीन दिवस बाहेर असेल, तर २०,००० लागेल. पण अशा कुटुंबाने एक मोठी घेण्यापेक्षा दोन लहान घ्याव्यात, असे आम्ही सुचवितो. गर्दीत ताटातूट होते. एक आईजवळ आणि एक थोरल्या मुलाजवळ असली, तर दोन्हीकडचे फोन चालू राहतात आणि एकमेकांना शोधता येते. शिवाय एक बिघडली, तरी दुसरी हाताशी असते.

भरायला लागणारा वेळही ध्यानात घ्यावा. जुन्या १० वॅटच्या चार्जरवर १०,००० ची पॉवर बँक भरायला ५ ते ६ तास लागतात आणि २०,००० ची भरायला १० तासांहून अधिक. निघण्याच्या आदल्या रात्री उशिरा आठवण झाली, तर मोठी पूर्ण भरणार नाही.

वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. ५ व्होल्ट आणि २ अँपिअर म्हणजे १० वॅट; साध्या फोनला एवढे पुरते. फोन जलद चार्ज होणारा असेल, तरच १८ किंवा २२.५ वॅटसाठी जास्त पैसे मोजावेत. वायर मात्र चांगली हवी. वायर हलकी असेल, तर भारी पॉवर बँकही फोन हळूच भरते. घरात आजीचा बटणांचा फोन आणि मुलाचा टाइप-सी खाचेचा फोन असेल, तर दोन्हींच्या वायरी सोबत घ्याव्यात.

खूण पाहा, पावती घ्या

भारतात पॉवर बँक विकण्यासाठी भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी सक्तीची आहे. नोंदलेल्या वस्तूवर ब्युरोचे चिन्ह, मानक क्रमांक आणि 'आर' अक्षरापुढे ८ आकडी नोंदणी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये तो क्रमांक टाकला, की नोंदणी खरी की खोटी हे दुकानातच कळते. घरातल्या शिकत्या मुलामुलींना हे काम सांगावे; दोन मिनिटांचे आहे.

पक्की पावती मागायला लाजू नये. पैसे आपले, हक्कही आपला. हमीच्या मुदतीत वस्तू बिघडली आणि दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. पावती नसेल, तर तक्रारीचा जोर निम्मा होतो.

जिवाशी खेळ नको

पॉवर बँकेत लिथियमची बॅटरी असते. ती दबली, भोसकली किंवा फार तापली, तर पेट घेते. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उभ्या असलेल्या विमानाला आग लागली. सर्व १७६ जणांचे प्राण वाचले. पण आगीचे कारण बहुधा पॉवर बँकच असावी, असे तेथील तपासात पुढे आले.

आपण एका खोलीत पाच-सहाजण झोपतो. म्हणून पॉवर बँक रात्री उशीखाली, गादीवर किंवा लहान मुलाजवळ चार्जिंगला लावू नये. फरशीवर, मोकळ्या जागी ठेवावी. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. फुगली, वास आला किंवा हाताला चटका बसू लागला, तर वापर तत्काळ थांबवावा. ती उघडून पाहू नये, कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावरच द्यावी.

विमानाने जाणाऱ्यांनी पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी. मोठ्या बॅगेत घालून द्यायला सक्त मनाई आहे. १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक वेगळ्या परवानगीविना नेता येते. २०,००० ची साधारण ७४ वॅट-तासांची असते, म्हणजे नियमात बसते. पण तिच्यावरचा आकडा पुसलेला असेल, तर अडवणूक होऊ शकते. एमिरेट्स या विमान कंपनीने १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रत्येक प्रवाशाला एकच पॉवर बँक नेण्याची मुभा ठेवली आणि विमानात तिचा वापर बंद केला. आखाताला निघणाऱ्या बांधवांनी आपल्या कंपनीचा नियम आधी विचारून घ्यावा.

निगा आणि एक चिठ्ठी

प्रवास नसेल, तेव्हा पॉवर बँक निम्मी भरून कोरड्या जागी ठेवावी आणि तीन महिन्यांतून एकदा पुन्हा भरावी. पूर्ण रिकामी करून माळ्यावर टाकली, तर पुढच्या वर्षी ती उठणारच नाही. प्रवासात फोनचा उजेड कमी ठेवावा. व्हिडिओ पाहण्यात वीज घालवू नये.

आणि इतके करूनही, दोन महत्त्वाचे फोन नंबर व उतरण्याचा पत्ता एका कागदावर लिहून घरातल्या प्रत्येकाच्या खिशात द्यावा. म्हाताऱ्या माणसांच्या आणि लेकरांच्या खिशात तर नक्कीच. त्या कागदाला कोणताही चार्जर लागत नाही.